२८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांचे नवे वाढतक्ते : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

आधीचे तक्ते एकाखाली एक मांडले. लुबचेन्को यांचा १९६३ चा तक्ता डेन्व्हरमधल्या जन्मांवरचा. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, आणि उंचीवर जन्मवजन कमीच भरते. ऑल्सेन आणि सहकाऱ्यांचे २०१० चे वक्र अमेरिकेतल्या २,५७,८५५ बाळांवरून काढलेले. फेंटन आणि किम यांच्या २०१३ च्या तक्त्यामागे सहा देशांतले जवळजवळ ४० लाख जन्म आहेत, पण त्यांत ३० आठवड्यांच्या आतले सुमारे ३५ हजारच. २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीत फेंटन गटाने गर्भातली वाढ बिघडलेली बाळे बाजूला काढली. इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे अकाली बाळांसाठीचे जन्मोत्तर मानक (२०१५) २०१ बाळांवर उभे आहे; त्यांतली २८ आठवड्यांच्या आतली अगदी मोजकी.

वॉर्डात हे सगळे तक्ते एकाच कामाला लावले जातात, पण ते एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. प्रश्न तीन आहेत. २५ व्या आठवड्यात *जन्मलेले* बाळ केवढे असते? २५ व्या आठवड्यात *अजून गर्भातच असलेले* बाळ केवढे असते? आणि २५ व्या आठवड्यात जन्मून आज ३२ आठवड्यांचे झालेले बाळ केवढे असायला हवे? पहिल्याचे उत्तर जन्मनोंदींतून मिळते, दुसऱ्याचे सोनोग्राफीतून आणि तिसऱ्याचे त्याच बाळांना पुन्हा पुन्हा मोजून. पहिल्या तक्त्यावर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधले की जवळजवळ प्रत्येक अति-अकाली बाळ ‘नापास’ होते, आणि सध्या सर्रास तेच चालते.

निर्णय: एक तक्ता नाही, दोन. (अ) जन्माच्या वेळचा आकार, २२+० ते २७+६. (आ) जन्मोत्तर वाढीचा पट्टा, जन्मापासून ५० आठवड्यांपर्यंत. सगळीकडे वय (५० आठवडेसुद्धा) आईच्या शेवटच्या पाळीपासूनच्या हिशेबाने, आठवडे+दिवस असे लिहायचे. ‘२५ आठवडे’ असे मोघम कुठेही नको.

सोनोग्राफीवरचे अंदाजे वजन मुख्य तक्त्यात घ्यायचे नाही. हॅडलॉकच्या सूत्रात डोके, पोट आणि मांडीच्या हाडाची मापे जातात आणि अंदाज दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांनी सहज चुकतो. ७०० ग्रॅमवर तेच ७० ग्रॅम होतात. फक्त तुलनेसाठी एक पुसट रेघ ठेवू.

७ ऑगस्ट

‘मानक’ म्हणायचे की ‘संदर्भ’ यावर बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते मानक आहेत, कारण त्यांत मुद्दाम निवडलेली मुले होती: निरोगी, स्तनपानावरची, आई धूम्रपान न करणारी, सहा देशांतली. मूल *कसे वाढावे* ते हे तक्ते सांगतात. संदर्भ तक्ता मुले *कशी वाढली* एवढेच सांगतो.

२४ आठवड्यांना ‘निरोगी’ जन्म नसतो. बाळ त्या वेळी बाहेर आले, याचाच अर्थ काहीतरी बिघडले: जंतुसंसर्ग, गर्भाशयमुख लवकर उघडणे, रक्तस्राव, आईचा रक्तदाब. त्यामुळे (अ) ला ‘अटी घातलेला संदर्भ’ म्हणायचे. (आ) ला मानक म्हणायचे तर आहार, आजार आणि पुढचा मेंदूविकास या तिन्हींच्या अटी त्यात असल्या पाहिजेत. तोवर मसुद्यावर ‘पट्टा’ हाच शब्द.

१९ ऑगस्ट: गर्भवय

इथे ढिलाई झाली तर पुढचे सगळे व्यर्थ. हिशेब करून ठेवला आहे, नव्या केंद्रांना (डेटा देणाऱ्या रुग्णालयांना) तोच दाखवायचा. वजन रोज किलोमागे १५ ग्रॅमने वाढते असे धरले तर ६५० ग्रॅमचे बाळ आठवड्यात साधारण ७२० ग्रॅमला पोचते, म्हणजे अर्ध्या आठवड्याला ३५ ग्रॅम. या वयाला प्रमाण विचलन ९० ग्रॅमच्या आसपास धरले तर वयातली साडेतीन दिवसांची चूक झेड-स्कोअर (मोजमाप मध्यकापासून किती प्रमाण विचलने दूर आहे तो आकडा) ०.४ ने हलवते. वक्राच्या गुळगुळीतपणावर महिनाभर घासाघीस केली तरी एवढा फरक पडत नाही.

स्वीकारायचे पुरावे, उतरत्या क्रमाने:

पहिला, टेस्ट ट्यूब गर्भधारणा: पाचव्या दिवसाचा भ्रूण ठेवला असेल तर त्या दिवशी वय २ आठवडे ५ दिवस. दुसरा, १३+६ पर्यंतच्या सोनोग्राफीतली डोके ते कुल्ल्यापर्यंतची लांबी. चूक पाच ते सात दिवसांच्या आत राहते. तिसरा, पाळीची पक्की तारीख, पण ती लवकरच्या सोनोग्राफीशी जुळत असेल तरच. यापुढचे काही नाही. दुसऱ्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवर वय ठरवले की लहान गर्भ ‘कमी दिवसांचा’ ठरतो आणि वाढ खुंटलेले बाळ सरासरीत बेमालूम मिसळते. आपल्याला जे पकडायचे तेच मोजपट्टी गिळून टाकते.

जन्मलेल्या बाळाची त्वचा आणि हालचाली पाहून वय ठरवणारी नवी बॅलार्ड तपासणी (१९९१) २० आठवड्यांपर्यंत खाली जाते, पण तिची चूक दोन आठवड्यांची. वॉर्डात पर्याय नसेल तेव्हा ठीक, तक्ता बनवताना नाही. फक्त बॅलार्डवर वय असलेल्या नोंदी वगळल्या.

दुसरी गफलत ‘पूर्ण झालेल्या आठवड्यां’ची. जुन्या नोंदींत २४+० आणि २४+६ दोन्ही ‘२४’ म्हणूनच असतात. त्यांची सरासरी २४+० वर ठेवली तर वक्र अर्ध्या आठवड्याने डावीकडे सरकतो. ती साधारण २४+३ वर ठेवायची. ज्या केंद्रांकडे दिवस नाहीत त्यांचा डेटा फक्त पडताळणीत वापरायचा, वक्र बसवण्यात नाही.

२ सप्टेंबर: कोण आत, कोण बाहेर

(अ) साठी बाहेर: मोठे जन्मजात दोष, गुणसूत्रांचे विकार, सर्वांगावर सूज घेऊन जन्मलेली बाळे आणि मृतजन्म. मृतजन्मात मृत्यू कधी झाला आणि प्रसूती कधी, यांत दिवसांचे अंतर असू शकते. प्रसूतीच्या दिवशीचे वय लावले तर बाळ आपोआप लहान दिसते.

आईचा रक्तदाब आणि डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) दिसलेला वारेचा बिघाड यांवर वाद झाला. दोन्ही वगळले तर २४ ते २७ आठवड्यांतला मोठा गट जातो, कारण डॉक्टर या वेळी मुद्दाम प्रसूती करतात ते बहुतेक याच कारणांनी. ठेवले तर खालचे शतमक (शंभरांत किती बाळे त्याखाली असतात ते सांगणाऱ्या रेघा) आणखी खाली घसरतात आणि वाढ खुंटलेली बाळे ‘सामान्य’ ठरतात. वगळायचे असे ठरले. पण वगळण्याआधीचा वक्रही परिशिष्टात द्यायचा, म्हणजे अटीने नेमके किती हलले ते दिसेल.

जुळी ठेवली. या वयोगटात जुळ्या-तिळ्यांचा वाटा मोठा असतो, आणि पूर्ण दिवसांच्या जुळ्यांत दिसणारा वजनातला फरक २८ आठवड्यांच्या आत फारसा उघडा पडलेला नसतो. मात्र एकाच वारेवरची, रक्तप्रवाहाची अदलाबदल झालेली जुळी बाहेर.

जन्मानंतर दगावलेली बाळे (अ) मध्ये हवीतच. त्यांना काढणे हा बऱ्याच तक्त्यांतला न दिसणारा दोष आहे: दगावणाऱ्यांत हलकी बाळे जास्त, ती गेली की उरलेल्यांचा वक्र वर चढतो, आणि वाचलेले हलके बाळ त्यावर आणखी हलके दिसते. २२–२३ आठवड्यांना याचा जोर सर्वांत जास्त. तिथे आणखी एक गाळणी आहे. काही ठिकाणी २२ आठवड्यांच्या बाळावर उपचारच सुरू होत नाहीत आणि काही वेळा वजनही घेतले जात नाही. म्हणून २२ व्या आठवड्यासाठी फक्त अशी केंद्रे, जिथे प्रत्येक जिवंत जन्माचे वजन नोंदले जाते.

१५ सप्टेंबर: वजन

मोजमापाची पुस्तिका. इंटरग्रोथ-२१ मध्ये दोन मोजणाऱ्यांच्या आकड्यांत वजनाचा ५० ग्रॅम, लांबीचा ७ मिलिमीटर आणि डोक्याच्या घेराचा ५ मिलिमीटर फरक चालत असे. ती मुख्यतः पूर्ण दिवसांच्या बाळांसाठीची मर्यादा. ६०० ग्रॅमवर ५० ग्रॅम म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. आपली मर्यादा १० ग्रॅम. काटा ५ ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा.

जन्मवजन: ३२ आठवड्यांच्या आतले बाळ न पुसता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले जाते. त्यामुळे तशीच कोरडी पिशवी, टोपी आणि खालचे कापड काट्यावर ठेवून शून्य करायचे, मग बाळ. नाळ कधी कापली ती वेळ सेकंदांत लिहायची. उशिरा कापली तर वारेतले रक्त बाळात उतरते. पूर्ण दिवसांच्या बाळांत या एका कारणाने जन्मवजन सरासरी १०० ग्रॅमने वाढल्याचे चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. लहान बाळात ग्रॅम कमी, पण दिशा तीच. नाळ तत्काळ कापण्याच्या काळातले वक्र आजच्या बाळांना लावताना हे कुणी लक्षात घेत नाही.

रोजचे वजन बहुतेक इन्क्युबेटरमधल्याच काट्यावर होते. श्वासनळीतली नळी, व्हेंटिलेटरच्या नळ्यांचा ताण, हाताची फळी, सेन्सर, डायपर हे सगळे त्यात येते. ३० ग्रॅमचे सामान ६०० ग्रॅमच्या बाळावर ५ टक्के होते, आणि या बाळाची रोजची अपेक्षित वाढच ९ ते १२ ग्रॅम. म्हणजे हे सामान काढले त्या दिवशी तीन दिवसांची वाढ ‘गायब’ होते. उपाय साधा आहे: प्रत्येक वस्तूची तशीच दुसरी वस्तू वेगळी तोलून तिचे वजन तक्त्यात चिकटवायचे, आणि बाळाच्या नोंदीपुढे त्या वेळी काय काय लावले होते त्याची खूण करायची. नळ्या तोलताना हाताने वर उचलून धरायच्या. त्या बाळावर टेकल्या की भार, ओढल्या की उचल.

वेळ ठरलेली: दर २४ तासांनी, दूध देण्याआधी.

१८ सप्टेंबर: लांबी आणि डोके

टेपने मोजलेली लांबी घ्यायची नाही, कुणीही मोजलेली असली तरी. लांबी फळीवरच, दोघांनी मिळून: एकाने डोके स्थिर फळीला टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे हलके सरळ करून सरकती फळी टाचांना लावायची. आठवड्यातून एकदा. बाळ अस्थिर असेल तर त्या आठवड्याची जागा रिकामी. अंदाजाने भरलेल्या आकड्यापेक्षा रिकामी जागा बरी.

डोक्याच्या घेरासाठी न ताणणारी टेप, भुवयांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून, तीनदा मोजून सर्वांत मोठे माप. सीपॅपची (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राची) टोपी काढूनच. टोपीवरून घेतलेले माप जास्त येते आणि टोपी बदलली की डोके ‘आटते’. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत डोक्याचा आकार दबलेला असतो, म्हणून जन्माच्या मापाबरोबर तिसऱ्या दिवसाचे मापही. मेंदूतल्या मोठ्या रक्तस्रावानंतर पाणी साठलेल्या बाळांची डोक्याची मापे त्या दिवसापासून बाहेर. वजन आणि लांबी राहतात.

मोजणाऱ्यांची परीक्षा तांत्रिक मापनचुकीने. एकाच बाळाच्या दोन मापांतले फरक वर्ग करून बेरीज, ती जोड्यांच्या दुप्पट संख्येने भागायची, मग वर्गमूळ. उदाहरणार्थ चार जोड्यांत फरक २, ४, १, ५ मिलिमीटर: वर्गांची बेरीज ४६, भागिले ८, वर्गमूळ २.४ मिलिमीटर. लांबीची अपेक्षित वाढ आठवड्याला सुमारे १ सेंटीमीटर. मापनचूक ५ मिलिमीटरवर गेली की आठवड्याच्या वाढीला अर्थ उरत नाही, आणि त्या केंद्राची लांबी फक्त दोन आठवड्यांच्या अंतराने वापरायची.

६ ऑक्टोबर: डेटा धुणे

सर्वांत फसवा दोष असा. बाळ जन्मवजन परत गाठेपर्यंत औषधे आणि सलाइनचा हिशेब जन्मवजनावरच करतात. काही संगणक प्रणालींत हे ‘हिशेबाचे वजन’ आणि खरे वजन एकाच रकान्यात पडतात. मग पहिले आठ-दहा दिवस वजन सपाट रेघेसारखे दिसते आणि बाळाने वजन गमावलेच नाही असे वाटते. ओळख: दोनपेक्षा जास्त दिवस ग्रॅमसकट तेच वजन, आणि तेही जन्मवजनाएवढेच. असे दिवस पुसायचे. जन्मदिवसाची नोंद तेवढी ठेवायची.

त्याचाच धाकटा भाऊ म्हणजे कालचे वजन आज आपोआप उतरवणारी प्रणाली. बाळाला हलवता आले नाही त्या दिवशी हे होते, आणि न हलवता येणारी बाळे सर्वांत आजारी असतात. दोष विखुरलेला नाही, एका गटात साचलेला आहे.

बाकीचे नियम: ६८० चे ६८ किंवा ६,८०० झालेले, किलो-ग्रॅमची गल्लत. २४ आठवड्यांना डोक्याचा घेर साधारण २२ आणि लांबी ३१ सेंटीमीटरच्या आसपास, तेव्हा घेर लांबीहून मोठा दिसला की रकाने अदलाबदल झालेत. एका दिवसात १० टक्क्यांहून मोठी उडी आली तर खूण करायची, पुसायची नाही. दुसऱ्या दिवशी वजन परत जागेवर आले तर मोजमापाची चूक. तिथेच राहिले तर सूज, लघवी वाढवणारे औषध किंवा बदललेले सामान.

शेवटच्या अंकाची तपासणी: ५ ग्रॅमच्या काट्यावर शेवटी ० आणि ५ जवळजवळ सारखे यायला हवेत. ० चे प्रमाण निम्म्याहून खूप वर असेल तर कुणीतरी डोळ्याने पूर्णांक करत आहे. डोक्याच्या घेरात अर्ध्या सेंटीमीटरचे ढीग प्रत्येक केंद्रात दिसतात.

मोठ्या जन्मनोंदींत २८ ते ३१ आठवड्यांना वजनाचे दोन डोंगर दिसतात. दुसरा डोंगर तारीख चुकलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचा. २८ च्या आत तीन किलोचे बाळ लगेच ओळखू येते, पण ३० आठवड्यांचे बाळ २६ म्हणून लिहिले गेले तर ते वजनावरून निर्विवाद पकडता येत नाही. वजन, लांबी आणि घेर तिन्ही एकाच वेळी +२.५ झेडच्या वर असतील तर मूळ सोनोग्राफी अहवाल मागवायचा. फक्त वजन वर असेल तर सूज आधी पाहायची.

२१ ऑक्टोबर

वाढीचा वेग ग्रॅम/किलो/दिवस असा सांगतात, पण भागायचे कुठल्या किलोने ते सांगत नाहीत. ९०० ग्रॅमवरून १८ दिवसांत १,२०० ग्रॅम: सुरुवातीच्या वजनाने भागले तर १८.५, दोन टोकांच्या सरासरीने १५.९, घातांकी सूत्राने (१,००० गुणिले नैसर्गिक लॉग १,२००/९००, भागिले १८) १६.०. बाळ तेच. पहिली पद्धत बाद. घातांकी सूत्र सगळीकडे, आणि मोजणी जन्मवजन परत आल्याच्या दिवसापासून.

१० नोव्हेंबर: पहिले तीन आठवडे

(आ) चा गाभा इथे आहे. जन्मानंतर पेशींबाहेरचे पाणी कमी होते. हे पाणी गर्भातल्या बाळाला लागत होते, बाहेरच्याला लागत नाही. ते परत भरून काढायचे नसते. बाळ जन्माच्या शतमकावर ‘परत आणायचे’ हे उद्दिष्ट म्हणूनच चुकीचे. ते साधायला बाळावर पाणी किंवा चरबी चढवावी लागते. अकाली जन्मलेली बाळे पूर्ण दिवसांच्या वयाला पोचतात तेव्हा त्यांच्यात चरबीचे प्रमाण जास्त आणि स्नायू-अवयवांचे वस्तुमान कमी आढळते. नुसते वजन गाठून दाखवणे सोपे आहे.

रोखोव आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये फारसे आजारी न पडलेल्या अकाली बाळांत दाखवले की २१ व्या दिवसापर्यंत वजनाचा झेड सुमारे ०.८ ने उतरतो आणि तिथून रेघ जन्माच्या शतमकांना समांतर जाते. पट्ट्याची रचना त्याच तर्काने: जन्माचा झेड ही सुरुवात, मग तिथून झालेला *बदल* वयानुसार, २१ दिवसांपर्यंत उतार आणि पुढे समांतर. एकाच शतमकाची रेघ सगळ्यांना लावणे बंद.

पट्ट्यात कोण? श्रेणी २ किंवा वरचा आतड्यांचा दाह नाही, मेंदूत श्रेणी ३–४ चा रक्तस्राव नाही, जन्मोत्तर डेक्सामेथासोन (स्टेरॉइड औषध) नाही. डेक्सामेथासोनने वजन आणि लांबी दोन्ही थबकतात. आहाराची अट युरोपीय बाल-जठरांत्र संस्थेच्या २०२२ च्या शिफारशींवरून: पूर्ण दूध (नळीने किंवा तोंडाने) सुरू झाल्यावर प्रथिने किलोमागे रोज ३.५ ते ४ ग्रॅम, ऊर्जा ११५ ते १४० किलोकॅलरी. आईचे दूध फोर्टिफायरशिवाय (प्रथिने वगैरे वाढवणाऱ्या भुकटीशिवाय) दिलेले दिवस वेगळे खुणावायचे, कारण नुसत्या दुधाने एवढी प्रथिने पोचत नाहीत.

फुप्फुसाचा जुनाट आजार मात्र सरसकट वगळायचा नाही. २४ आठवड्यांना तो वगळला तर मागे जवळजवळ कुणी उरत नाही, आणि उरतात ते इतके वेगळे की त्यांचा पट्टा बाकीच्यांना लावणे अन्यायाचे. फक्त ३६ आठवड्यांना व्हेंटिलेटरवर असलेली बाळे बाहेर.

२५ नोव्हेंबर

३४ आठवड्यांनंतर कच्चा वक्र खाली वाकतो. वाढ मंदावल्यामुळे नाही. चांगली वाढणारी बाळे घरी जातात किंवा छोट्या केंद्रात हलवली जातात, आणि नोंदीत मागे आजारी बाळे उरतात. प्रत्येक आठवड्याचे शतमक स्वतंत्र काढले तर हा सापळा टळत नाही. उपाय दोन: बाळागणिक यादृच्छिक परिणाम असलेले अनुक्रमिक प्रारूप (प्रत्येक बाळाची स्वतःची रेघ धरणारे), आणि घरी गेलेल्यांच्या पाठपुराव्यातली मापे ५० आठवड्यांपर्यंत. दुसऱ्याशिवाय पहिले अपुरे. प्रारूप न दिसलेली वाढ अंदाजाने पुढे ओढते, तिला मोजत नाही.

शिवाय ८० दिवस रोज तोललेले आजारी बाळ आठवड्यातून एकदा तोललेल्या स्थिर बाळावर भारी पडते. प्रत्येक बाळाचे आठवड्याला एकच वजन वापरायचे, ठरलेल्या दिवसाच्या सर्वांत जवळचे.

९ डिसेंबर: वक्र बसवणे

‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणक भाषेतले गॅमलस पॅकेज. वय दिवसांत, दंड लावलेले बी-स्प्लाइन (तुकड्यातुकड्यांनी जोडलेला गुळगुळीत वक्र). वितरण आधी तीन घटकांचे (एल विषमता, एम मध्यक, एस सापेक्ष विचलन), मग शेपटीचा चौथा घटक घालून बॉक्स-कॉक्स पॉवर एक्स्पोनेन्शियल. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००६ ला हेच कुटुंब वापरले होते. निवड माहिती-निकषावर (वक्र किती बसतो आणि किती गुंतागुंतीचा आहे यांचा तोल), लवचीकतेच्या प्रत्येक अंशाला ३ चा दंड ठेवून. नेहमीच्या २ च्या दंडाने वक्र अनावश्यक वळणे घेतो आणि ती वळणे पाहून लोक जीवशास्त्रीय अर्थ लावत बसतात.

मुलगे-मुली वेगवेगळे, पण गुळगुळीतपणाचे अंश सारखे ठेवले. तसे न केल्यास २३ आठवड्यांजवळ दोघांच्या रेघा एकमेकींना छेदतात. ते फक्त टोकाच्या विरळ डेटामुळे. डोक्याच्या घेरात एल स्थिर धरला तरी पुरते.

वर्म प्लॉट (वक्र डेटाला किती बसतो ते दाखवणारा आलेख) प्रत्येक दोन आठवड्यांच्या पट्टीसाठी वेगळा. एकत्रित आलेखात सगळे छान दिसते आणि २३–२४ ची बिघडलेली पट्टी २७ च्या गर्दीत लपते.

१२ जानेवारी: टोकाची अनिश्चितता

तिसऱ्या शतमकाची प्रमाण चूक ढोबळ हिशेबाने काढली. मध्यक ६५० ग्रॅम, एस ०.१४, म्हणजे विचलन ९१ ग्रॅम. २५ बाळे असतील तर चूक ३० ग्रॅम, १०० असतील तर १५, ४०० असतील तर साडेसात. ९५ टक्के पट्टा याच्या जवळजवळ दुप्पट, दोन्ही बाजूंना. स्प्लाइन शेजारच्या आठवड्यांकडून बळ उसने घेते, पण २२ च्या डावीकडे शेजारीच नाही.

म्हणून २२ व्या आठवड्यात ३ आणि ९७ च्या रेघा छापायच्याच नाहीत. १०, ५०, ९० तुटक रेघेने. अनिश्चितता बूटस्ट्रॅपने (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने उचलून) काढताना नमुना बाळांचा उचलायचा, ओळींचा नाही, आणि जुळी एकत्र उचलायची. ओळी उचलल्या की पट्टा खोटा अरुंद येतो.

२९ जानेवारी

५० आठवड्यांचा सांधा, म्हणजे (आ) जिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याला मिळतो ती जागा. त्या तक्त्यात ते १० आठवड्यांचे वय. नुसता मध्यक जुळवला तर रेघेला कोपरा येतो. चढही जुळवावा लागतो. त्रास एसचा: अति-अकाली बाळांत पसारा मोठा, तिकडे लहान, त्यामुळे बाहेरच्या रेघा नरसाळ्यासारख्या आत येतात आणि ४६ ते ५० मध्ये खालच्या शतमकावरचे बाळ काही न करता आणखी खाली घसरते. (आ) मध्ये सांधा फक्त मध्यकाचा ठेवला. एस स्वतःच्या वाटेने, शेवटी दोन्ही रेघा शेजारी छापलेल्या. दिसायला ओबडधोबड आहे, पण खरे आहे.

१६ फेब्रुवारी: पडताळणी

एकेक केंद्र बाहेर ठेवून उरलेल्यांवर वक्र, मग बाहेरच्या केंद्रावर मोजणी. वाचताना भान: एका आठवड्यात १५० बाळे असतील तर १० व्या शतमकाखाली १५ अपेक्षित, पण ८ ते २२ पर्यंत काहीही निव्वळ योगायोगाने येऊ शकते. एखादे केंद्र वजनात बसते आणि लांबीत बसत नाही तेव्हा आधी फळी आणि मोजणारे तपासायचे, वंश-प्रदेशाचे स्पष्टीकरण सर्वांत शेवटी.

दुरुस्त वय (जन्माच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलेले) २ वर्षांच्या विकासचाचणीशी जोड हा (आ) ला मानक म्हणण्याचा निकष. तिथे वजनाचा झेड एकटा घालायचा नाही. डोक्याचा घेर आणि लांबी बरोबर हवी, आणि आजारपण दोन्हींना खाली ओढते याची दुरुस्ती हवी. नाहीतर ‘कमी वाढ म्हणून कमी विकास’ असे दिसते, प्रत्यक्षात दोन्ही एकाच आतड्यांच्या दाहाची अपत्ये.

५ मार्च

छापील पान. १० व्या शतमकाची लाल रेघ काढून टाकली. घरी जाताना १० च्या खाली म्हणजे ‘जन्मोत्तर वाढ खुंटली’ हा शिक्का तक्ता बदलला की बदलतो. इंटरग्रोथचे जन्मोत्तर मानक लावले तर फेंटनपेक्षा कमी बाळांवर तो बसतो. बाळे तीच, दूध तेच. त्याऐवजी जन्मापासूनचा झेडमधला बदल लिहायला चौकट, तिन्ही मापांसाठी. वजन वर आणि लांबी सपाट असेल तर प्रथिने पाहायची. वजन, लांबी, घेर तिन्ही सपाट असतील तर ऊर्जा, सोडियम आणि लपलेला आजार. ही टीप पानाच्या तळाला, कारण वाढ दिसली नाही की कॅलरी वाढवणे हा हाताला लागलेला पहिला उपाय असतो.

२३ मार्च: सारणी ०.९

एल, एम, एस दिवसागणिक, २२+० ते ५०+०: १९७ ओळी, तीन मापे, दोन लिंगे, एकूण १,१८२. दशांश पाच स्थळांपर्यंत. दोन स्थळांवर कापले की एसमुळे टोकाचे झेड हलतात.

झेडचे सूत्र: मोजमाप भागिले एम, त्याचा एल-वा घात, वजा १, भागिले (एल गुणिले एस). संगणक प्रणालीत घालणाऱ्यांसाठी तीन चाचण्या, सगळीकडे एम ६५०, एस ०.१४, मोजमाप ५५०. एल १ असेल तर उत्तर −१.१०. एल ०.५ असेल तर −१.१४. एल ० असेल तर −१.१९; इथे वरचे सूत्र शून्याने भागते, म्हणून नैसर्गिक लॉग (५५०/६५०) भागिले एस. ही तिसरी चाचणी गाळली तर प्रणाली काही वयांना रिकामी जागा दाखवते किंवा चक्क ० लिहिते, आणि ० म्हणजे मध्यक असे वाचले जाते. तिन्ही उत्तरे जुळल्याशिवाय केंद्राला सारणी सुरू करून द्यायची नाही. आवृत्ती क्रमांक प्रत्येक झेडसोबत साठवायचा. नंतर सारणी बदलली तर जुने झेड पुन्हा मोजता यावेत म्हणून मूळ ग्रॅम आणि मिलिमीटर कधीच पुसायचे नाहीत.